पटावर नसलेली

लातूरच्या त्या परिषदेत माझ्या वाट्याला पहिलं काम आलं ते रांगोळीचं. दारावर 'शिक्षकांचा व्यावसायिक विकास' असं भल्यामोठ्या अक्षरांतलं बॅनर आणि त्याच्याखाली उकिडवी बसून मोराच्या पिसाऱ्यात निळा रंग भरणारी मी. बी.एड.चं दुसरं वर्ष चालू होतं. नांदेडच्या आमच्या कॉलेजातून आम्ही अकरा मुली आणि चार मुलं आदल्या दिवशी एसटीनं येऊन एका मंगल कार्यालयात सतरंज्या टाकून झोपलो होतो. सकाळी मुलांना खुर्च्या मांडायला पाठवलं. आमच्याकडे रांगोळी, औक्षणाची ताटं आणि स्वागतगीत. सगळ्यांनी एकाच रंगाच्या साड्या आणायच्या, हे आठ दिवस आधीच बजावलं होतं. उद्याचे शिक्षक म्हणून घडवायला आम्हाला तिथं नेलं होतं आणि घडण्याची सुरुवात अशी गुडघे टेकून झाली.

एरवी मी तिथंच कुरकुर केली असती. माझा स्वभावच तसा, पोटात काही राहत नाही. पण त्या दिवशी मी मुकाट्यानं मोर रंगवला, कारण दुपारच्या सत्रात मला शोधनिबंध वाचायचा होता. पंधरा जणांत तो मान माझा एकटीचा. निबंधावर पहिलं नाव आमच्या सरांचं होतं, दुसरं माझं. सरांनी तो एकदाच वाचला होता, तोही येताना बसमध्ये, अहमदपूरच्या स्टँडवर चहा घेता घेता. तरी मला त्याचं फारसं वाईट वाटलं नव्हतं. माझं नाव छापून आलेलं मी तोवर फक्त लग्नपत्रिकेत पाहिलं होतं, तेही घरातल्या दहा-बारा नावांच्या गर्दीत.

निबंध एका मुलीवर होता. बी.एड.ला आंतरवासिता म्हणून काही महिने खऱ्या शाळेत जाऊन शिकवावं लागतं आणि एका विद्यार्थ्याचा अभ्यास करून लिहावा लागतो. बाकीच्यांनी नांदेडमधल्या घराजवळच्या शाळा पकडल्या. मी सरांशी कशावरून तरी वाद घातला होता, त्यामुळे माझ्या नावापुढे किनवटच्या पलीकडची, जंगलातली एक निवासी शाळा आली. मी नायगावकडची. आमच्याकडे नजर टाकावी तिकडे काळं सपाट रान, सोयाबीन नाहीतर हरभरा. त्या सागाच्या जंगलात पहिल्या दिवशी रेल्वेतून उतरून जीपनं जाताना मला रडू आलं होतं. वडलांना फोनवर मात्र मी हवा छान आहे म्हणून सांगितलं.

मुलींच्या वसतिगृहात एक खोली मला राहायला दिली. तिथल्या अधीक्षिका देगलूरच्या. पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा, पायात कायम स्लीपर. मुली त्यांना अक्का म्हणायच्या, म्हणून मीही म्हणू लागले. अक्का तोंडानं फटकळ होत्या, पण ताटात वाढताना त्यांचा हात सैल होता.

ती मुलगी पाचवीत होती. कोलाम समाजाची. तिकडे डोंगरात त्यांच्या छोट्या वस्त्या असतात, पोड म्हणतात त्यांना. शाळेत कोलामी बोलणारी पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि तिच्या वर्गात तर ती एकटीच. ती बोलत नसे. हजेरीला नाव घेतलं की हात वर करायची आणि खाली घ्यायची, दिवसभरातली तिची हालचाल तेवढीच. पाचवीत येऊनही तिला वाचता येत नव्हतं. वर्गशिक्षकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "तिच्यामागं लागू नका मॅडम, मंद आहे ती." मला हा शब्द ऐकला की तिडीक येते. मी तिलाच निवडलं.

महिनाभर मी सगळे प्रयोग करून पाहिले. चित्रं दाखवली, खडे मोजायला लावले, गाणी म्हटली, गोळ्यासुद्धा दिल्या. ती गोळ्या घ्यायची आणि मुठीत ठेवायची. खायची नाही. त्या कुठं जातात, ते मला एका संध्याकाळी कळलं. वसतिगृहामागं पाण्याच्या टाकीजवळ मुली कपडे धुतात, तिथून मला माझाच आवाज आल्यासारखं वाटलं. म्हणजे बोलण्याची ढब माझी, शब्द कोलामी. ती एका दगडावर उभी होती. हातात माझी फाटलेली चित्रपट्टी. समोर चारेक वर्षांची एक पोर गोळी चघळत बसलेली. मोठी तिला शिकवत होती. पदर खोचण्याची माझी सवय, खडू टेबलावर दोनदा आपटण्याची सवय, सगळं हुबेहूब. मध्येच मराठी शब्द यायचे, बैल, विहीर, नांगर, आणि ते अगदी बरोबर यायचे. माझी नक्कल होती, आणि नक्कल फार चांगली होती. मी टाकीच्या आड उभी राहून हसले आणि मग डोळे पुसले.

ती लहानी तिची बहीण. रात्री मी अक्कांना विचारलं, ही कितवीत? अक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी आधी दार ओढून घेतलं.

"ती कितवीतच न्हाई," त्या म्हणाल्या. "चार वर्साची हाय. बाप न्हाई. माय कापूस वेचायला, मिरची तोडायला तिकडं तेलंगणात जाती, चार-चार महिने येत न्हाई. आजीला दिसत न्हाई धड. ही मोठी इथून दोनदा पळून गेली. जंगलातून, एकटी, चालत. तिसऱ्या टायमाला आली ती लहानीला कडेवर घेऊनच आली. दोघी राहतील न्हाई तर एकबी राहणार न्हाई, हे मला दिसून राहिलं होतं. मग काय करू? लहानीला माघारी लावून देऊ आन मोठीच्या नावापुढं शाळा सोडली म्हणून लिहू?"

अक्कांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तू तुझं काय ते लिही बाळ. लहानीचं लिहू नको. तिचं नाव कुठंच न्हाई, पटावर न्हाई, शिध्याच्या वहीत न्हाई. माझ्या खोलीत झोपती, माझ्या ताटातलं खाती. वर कळलं की तिला जावं लागंल. आन ती गेली की मोठी गेली. ध्यानात ठेव."

मी शब्द दिला. आणि त्या शब्दाला धरून लहानीचा मला जेवढा उपयोग करता येईल तेवढा केला. रोज शेवटच्या तासाला ती वर्गात मागं पोत्यावर बसायची आणि मोठीनं दिवसभरात जे ऐकलं ते तिला शिकवायचं, एवढाच माझा उपक्रम. शिकवायचं तर आधी आपल्याला यायला पाहिजे, ही अडचण मोठीला आपोआप पडली. ती पुस्तक घेऊन माझ्याजवळ येऊ लागली, शब्दावर बोट ठेवू लागली. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती धडा वाचायला लागली, अडखळत, पण बहिणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. माझ्याशी मात्र हो, नाही आणि बोट यापुढं गेली नाही. तिच्या तोंडून मराठीतलं एक सबंध वाक्य, तिचं स्वतःचं, मला उद्देशून, एवढंच मला हवं होतं. आंतरवासिता संपली तरी ते आलं नाही. अक्का म्हणाल्या, "येईल की. घाई कशाला करून राहिलीस?"

निबंधात मी लहानीचा उल्लेखही केला नाही. 'विद्यार्थिनीला शिक्षकाची भूमिका दिली' असं मोघम लिहिलं. शाळेचं नाव नाही, मुलीचं नाव नाही. निबंध पोस्टानं अक्कांना पाठवला. त्यांनी वाचून फोन केला, "छान हाय. माझंबी नाव न्हाई, लई बरं झालं."

म्हणून त्या दिवशी लातुरात मी निर्धास्त होते.

माझा निबंध दुपारी मागच्या छोट्या खोलीत व्हायचा होता. आमच्यासारख्या विद्यार्थ्यांचे सगळे निबंध तिथंच, ऐकायला एक अध्यक्ष आणि उरलेले निबंधवाले. पण उद्घाटनाचे मुख्य पाहुणे आलेच नाहीत. अकरा वाजले, साडेअकरा झाले. आम्ही स्वागतगीत दोनदा म्हटलं. समोर तीन-चारशे शिक्षक, निम्मे मोबाइलवर, आणि मंचावर शाली पांघरून बसलेली पाच माणसं. संयोजक घामाघूम झालेले. आमचे सर लगबगीनं माझ्याकडे आले.

"चल, वर चल. तुझा निबंध आताच वाच. पाहुणे येईपर्यंत दहा मिनिटं काढायची आहेत."

"सर, मेन स्टेजवर?"

"अगं, वक्तृत्वाची बक्षिसं घेतलीस ना तू? मग? कॉलेजचं नाव होईल."

हरभऱ्याच्या झाडावर चढवायला तेवढं पुरेसं होतं. मी गेले. आवाज खणखणीत लागला. मी निबंध वाचलाच नाही, बोलले. मंद म्हणून बाजूला टाकलेली मुलगी, तिची मुठीतली गोळी, दगडावर उभं राहून शिकवणं. सभागृहातले मोबाइल खाली गेले. ते मला वरून दिसत होतं आणि ते मला फार आवडत होतं, हे कबूल करायला पाहिजे.

बोलणं संपलं. मंचावर मध्यभागी निवृत्त प्राध्यापिका होत्या, बालशिक्षणात मोठं नाव असलेल्या. त्यांनी माईक ओढून घेतला.

"छान बोललीस. पण एक सांग. भूमिका दिली म्हणतेस, ती तर सगळेच देतात. ही मुलगी नेमकी कशानं बोलायला लागली? तुझ्या लेखात ते कुठंच नाही. ती समोर कुणाला शिकवत होती?"

चांगला प्रश्न होता. नेमका त्या जागी बोट ठेवणारा. 'वर्गमित्रांना' असं एका शब्दात उत्तर देता आलं असतं. त्यात खोटं फार नव्हतं आणि नुकसान काहीच नव्हतं. पण दोन वर्षं आमच्यावर एकच संस्कार झाला होता. पाठ चालू असताना मागं निरीक्षक बसतात, पाठ संपला की प्रश्न विचारतात, आणि तिथं जो चाचरतो त्याचे गुण जातात. आम्ही पोरं झोपेत हलवून विचारलं तरी उत्तर देणार. शिवाय खरं उत्तर माझ्याकडे होतं आणि त्या दिवशी त्या सभागृहात कुणाकडेही नव्हतं इतकं सुंदर होतं.

"मॅडम, तिच्या लहान बहिणीला," मी म्हणाले.

टाळ्या पडल्या. त्या टाळ्या ओसरायच्या आत मंचाच्या कडेला बसलेल्या एका साहेबांनी हात वर केला. अशा निवासी शाळांचा कारभार त्यांच्याकडे होता, हे मला सूत्रसंचालकानं सकाळीच ऐकवलं होतं. मी त्यांना ओवाळलंही होतं. ते अगदी मऊ आवाजात बोलले.

"बहीण कितवीत आहे?"

"सर, ती अजून शाळेत नाही. चार वर्षांची आहे."

"मग निवासी शाळेत कशी काय?"

मला अजूनही थांबता आलं असतं. पण मला वाटलं, इथं एवढी शिकलेली, जाणती माणसं बसली आहेत, इथं अक्कांचं कौतुक नाही होणार तर कुठं होणार? मी माइकमध्ये सांगितलं की तिथल्या अधीक्षिकांनी माणुसकीच्या नात्यानं त्या मुलीला आपल्या खोलीत ठेवून घेतलं आहे, आपल्या ताटातलं तिला भरवतात, आणि अशी माणसं आहेत म्हणून शाळा चालतात. पुन्हा टाळ्या. या वेळी जास्त. साहेबांनीही वाजवल्या. मग खिशातून छोटी डायरी काढून सूत्रसंचालकाच्या कानात काही विचारलं आणि त्यानं खाली आमच्या सरांकडे पाहिलं. सर उत्साहानं मंचाजवळ गेले आणि त्यांनी शाळेचं नाव सांगितलं. मी निबंधात लपवलेलं नाव. साहेबांनी ते लिहून घेतलं. तेवढ्यात मुख्य पाहुणे आले आणि आम्हाला तिसऱ्यांदा स्वागतगीताला उभं केलं.

दुपारच्या जेवणाचा खर्च लातूरच्या एका आडत व्यापाऱ्यानं उचलला होता. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरं धोतर, म्हातारा माणूस. पंगतीत नुसतं उभं न राहता स्वतः हातानं पुऱ्या वाढत फिरत होता. माझ्यापाशी आला तेव्हा माझ्याभोवती पाच-सहा शिक्षक होते, कुणी माझा नंबर मागत होतं, कुणी फोटो काढत होतं. त्यानं माझ्या ताटात दोन पुऱ्या टाकल्या आणि तिथंच थांबला.

"तूच बोललीस न्हवं मगाशी? लई चांगलं बोललीस पोरी." मग तो जरा वाकला. "पण ते साहेब लिहून घेतलेत की गं. आता त्या लहानीचं काय करतेत?"

एवढ्या बीएड, एमएड, पीएचडीवाल्यांत हे फक्त त्याला सुचलं. आणि मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. ताट तसंच ठेवून मी साहेबांना शोधायला धावले.

ते पार्किंगमध्ये गाडीत बसतच होते. मी साडीच्या निऱ्या हातात धरून धापा टाकत उभी राहिले.

"सर, ते मघाचं... मी सांगितलं ते तसं नाही. म्हणजे त्या मुलीला काढू नका सर. ती गेली तर मोठीपण राहणार नाही."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला आज बरं वाटलं असतं.

"घाबरू नका, तुमच्यावर काही येणार नाही. तुम्ही चांगलं काम केलंय," ते म्हणाले. "पण मला सांगा, उद्या त्या मुलीला साप चावला, ती टाकीत पडली, तर उत्तर कोण देणार? नाव नाही, नोंद नाही. अशी शंभर मुलं उद्या वसतिगृहांत राहू लागली तर? तुम्ही शिक्षिका होणार आहात, हे तुम्हाला कळायला पाहिजे."

मी म्हणाले, "हो सर." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जंगलातली जागा, सापही होते, टाकीला झाकणही नव्हतं. त्यांना मी कितीही शिव्या घालायच्या म्हटल्या तरी त्या माझ्याकडेच परत येतात, कारण नियम पाळणं त्यांचं काम होतं आणि गप्प राहणं माझं.

दुपारच्या सत्रात एक तज्ज्ञ मुलांना बोलतं कसं करावं यावर तासभर बोलले. मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं. शेवटी उत्कृष्ट सादरीकरणासाठी माझं नाव पुकारलं गेलं, मी वर गेले, शाल घेतली, फोटोत हसलेसुद्धा. सर इतके खूश होते की परतीच्या प्रवासात त्यांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला.

त्या रात्री, निदान दुसऱ्या दिवशी तरी, मी अक्कांना फोन करायला हवा होता. त्यांना सावध करायला हवं होतं. लहानीला चार दिवस कुठं तरी हलवता आलं असतं, अंगणवाडीत नाव घालता आलं असतं, एखादा अर्ज करून ठेवता आला असता. मी फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. साहेब विसरले असतील, अशी मनाची समजूत घालायचे. खरं कारण साधं होतं. मला अक्कांचा ओरडा खायचा नव्हता. सव्वीस वर्षांची घोडी मी, उद्या पन्नास पोरांच्या पुढं उभी राहणार, आणि एका बाईच्या आवाजाला भिऊन बसले. परिषदेत जे बोलले ते चुकून बोलले असं मी स्वतःला कधी कधी पटवते. त्यानंतरच्या गप्प बसण्याला असा काही आडोसा नाही.

दोन आठवड्यांनी अक्कांचाच फोन आला. ओरडल्या नाहीत.

"जीप आली होती सोमवारी," त्या म्हणाल्या. "आल्या आल्या माझीच खोली बघितले. लहानी झोपलेली होती. तशीच उचलून पोडावर सोडून आले. मला खुलासा मागितलाय, आन बदली झाली. ते जाऊ दे, माझी दोन वर्सं राहिलीत, कुठंबी काढीन."

"अक्का, मोठी?"

"मोठी तीन दिवस जेवली न्हाई. चौथ्या दिवशी सकाळी अंथरूण रिकामं."



"मी तुला लिहू नको म्हणलं होतं," मग त्या म्हणाल्या. "तू लिहिलं न्हाईस, हे खरं हाय. मी वाचलं की. पण बोललीस गं बाळ."

त्या 'बाळ' म्हणाल्या म्हणून मला जास्त लागलं.

फेब्रुवारीत एका रविवारी मी किनवटला गेले. अक्कांनी बदलीवर जायच्या आधी पोडाची वाट सांगून ठेवली होती. रेल्वे, मग जीप, मग पळसाच्या झाडांमधून तासभर चाल. रस्ताभर मी बोलायचं पाठ करत होते, पाठाच्या टाचणात मुद्दे काढतात तसं. तुझं नाव अजून शाळेत आहे. तुला वाचता येतं, ते वाया घालवू नकोस. लहानीला अंगणवाडीत घालू, पुढच्या-पुढच्या वर्षी ती पहिलीत येईल, तिचं नाव रीतसर पटावर लागेल. सगळं खरं होतं आणि सगळं मला नीट मांडता येत होतं.

पोड म्हणजे टेकाडावर दहा-बारा कुडाची घरं. लहानी मला आधी दिसली. तिनं मला ओळखलं, पळत आली आणि माझं बोट धरलं. अंगावर शाळेच्या गणवेशाचा मोठीचा शर्ट, गुडघ्यापर्यंत आलेला. मी तिच्या हातात खाऊचा पुडा दिला. तिच्या मनात काहीच नव्हतं. ती मला ओढत घराकडे घेऊन गेली. दारात आजी उन्हाला बसली होती, पावलांच्या आवाजाकडे मान वळवून. अंगणात मोठी तुरीच्या शेंगा काठीनं बडवत होती. तिनं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा बडवायला लागली. वाळलेल्या शेंगांचा आवाज फार होता, म्हणून मी जवळ जाऊन उकिडवी बसले आणि बोलायला सुरुवात केली.

मी सगळे मुद्दे मांडले. ती बडवत राहिली. मराठी तिला आता पुरतं कळतं हे मला माहीत होतं, त्यामुळे ती ऐकते आहे हेही कळत होतं. लहानी माझ्या मांडीला टेकून पुडा सोडत होती. मला धीर आला. मी म्हणाले, "तू काही काळजी करू नकोस. मी स्वतः जाते साहेबांकडे. तुम्ही दोघी कशा राहता ते मी त्यांना सगळं सांगते."

काठी थांबली.

ती उठली. माझ्याजवळ आली, लहानीला दंडाला धरून माझ्यापासून उठवलं आणि आपल्या पाठीमागं उभं केलं. पुडा खाली सांडला, तो कुणी उचलला नाही. मग ती माझ्याकडे सरळ बघत मराठीत बोलली, वाचल्यासारखं, एकेक शब्द सुटा, पण कुठंही न अडखळता.

"मॅडम, माझी बहीण इथे आहे हे तुम्ही कोणाला सांगू नका."

घरातूनही लहानीला कुणी तरी येऊन उचलून नेईल, असं तिला वाटत होतं. मी नाही सांगणार, असं म्हणाले. दोनदा म्हणाले. तिचा विश्वास बसला नाही. मी टेकाड उतरून पळसांत दिसेनाशी होईपर्यंत ती तशीच उभी होती, एक हात मागं नेऊन बहिणीला घट्ट धरून.